जे. बी. एस. हॉल्डेन : वंशावळींचे वाचक

उंदरांच्या पिढ्या पिंजऱ्यात वाढवून मोजता येतात. माणसांचे तसे नाही. त्यांची लग्ने शास्त्रज्ञांच्या सोयीने थोडीच लागतात!

१८९२ साली ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या हॉल्डेन यांनी प्रारंभ उंदरांपासूनच केला. बहीण नेओमी व मित्र स्प्रंट सोबतीला होते. त्यांचा निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा स्प्रंट महायुद्धात मारले गेले होते आणि हॉल्डेन स्वतः सैन्यात होते.

पुढे ते माणसाकडे वळले. १९३७ साली डॉ. ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी रंगांधता व हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार, हे दोन्ही आढळणाऱ्या घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. दोन्हींची जनुके क्ष गुणसूत्रावर असतात, आणि मुलाला ते आईकडून मिळते. आईच्या एकाच क्ष गुणसूत्रावर दोन्ही दोष असले, तर मुलाला बहुधा दोन्ही मिळतात किंवा एकही नाही. एकच मिळाला, तर तिच्या गुणसूत्रांच्या जोडीत अदलाबदल झाली असे समजायचे. अशी मुले जितकी थोडी, तितकी जनुके जवळ. केवढा साधा हिशेब! पण त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाचे तरी आजारी लेकरू होते.

हिमोफिलियाचे दोन प्रकार असून त्यांची जनुके वेगळ्या जागी आहेत, हे तेव्हा उमगले नव्हते. त्यामुळे आकडे पुढे सुधारावे लागले. रीत मात्र टिकली.

१९५७ साली हॉल्डेन भारतात आले, कुडता घालू लागले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.