शेष संघाचा फलंदाज : विजय हजारे



भाषांतराच्या कामात काही शब्द असे भेटतात, की त्यांच्यापाशी लेखणी थबकते. 'द रेस्ट' हा त्यांपैकी एक. बाकीचे म्हणावे, इतर म्हणावे, की उरलेले? मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन असे चार संघ होते. 1937 साली पाचवा संघ आला. त्यात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा सर्वांना एकत्र बसविले होते, आणि त्याला नाव दिले होते 'द रेस्ट'. ज्यांना स्वतःचे नाव मिळाले नाही, त्यांचा हा संघ. यशया संदेष्ट्याने सांगितलेल्या 'शेषा'ची कल्पना आपणांस ठाऊक आहे. म्हणून मी येथे 'शेष संघ' असेच लिहिणार आहे. या शेष संघातून खेळलेल्या एका मराठी ख्रिस्ती माणसाची हकिकत आज आपणांपुढे ठेवतो.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगली येथे झाला. वडील शाळाशिक्षक, घरात आठ मुले, धर्म प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. अशा घरात क्रिकेटची बॅट ही गरजेच्या वस्तूंत मोडत नाही, हे सांगावयास नको. परंतु संस्थानिकांना त्या काळी क्रिकेटचे वेड होते. त्यांच्या आश्रयामुळे या लाजाळू तरुणाला ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन लाभले. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती. बॅट ते दोन्ही पॅडांच्या मधोमध धरीत. पाहणाऱ्यास ते अवघडलेले वाटे. गोलंदाजाला मात्र त्यांना बाद करणे अवघड जाई. 1939-40 च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 धावा काढल्या. पुढे ते बडोद्याचेच झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

आता डिसेंबर 1943 मध्ये चला. ब्रेबॉर्न मैदानावर पंचरंगी सामने चालले आहेत. धर्मावर आधारलेल्या या सामन्यांविषयी गांधीजींनी 1940 सालीच नापसंती व्यक्त केली होती, आणि माझ्या मते ती योग्यच होती; तरी गर्दी ओसरली नव्हती. मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी 248 धावा करून स्पर्धेचा उच्चांक प्रस्थापित केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद 250 धावा काढून तो मोडला. हिंदूंचा डाव 5 बाद 581 वर घोषित झाला. शेष संघ 133 धावांत संपला, त्यांत 59 हजारे यांच्या होत्या. फॉलोऑननंतरही पहिले फलंदाज भराभर परतले. मग विजय यांच्या जोडीला त्यांचे बंधू विवेक आले.

वाचकहो, या दोन भावांनी मिळून 300 धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा किती होत्या? अवघ्या 21. धाकट्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. एक भाऊ धावा काढीत होता आणि दुसरा केवळ उभा राहून त्याला धावा काढू देत होता. संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजारे यांच्या! तरीही सामना एक डाव आणि 61 धावांनी गमावला गेला. धावफलकावर पराभव नोंदला गेला. पण लोकांच्या स्मरणात त्या सामन्यातून राहिली ती पराभूताची खेळी. पंचरंगी सामने 1946 मध्ये कायमचे बंद झाले, आणि शेष संघही उरला नाही.

मार्च 1947. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता. बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाशी सुरू होता. बडोद्याचे तीन गडी 91 धावांत बाद झाले असता हजारे आणि गुल महंमद एकत्र आले, ते 577 धावांची भर घालूनच वेगळे झाले. हजारे 288, गुल महंमद 319. कोणत्याही गड्यासाठी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील तो जागतिक विक्रम होता. एक मराठी ख्रिस्ती आणि एक मुसलमान अशी ही जोडी होती. पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि 1956 साली त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. (बडोद्याच्या त्या सामन्यानंतर पुढच्याच महिन्यात अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन संघातून बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत उतरला. त्यापूर्वी कित्येक दशके ते दार त्याच्या वंशाला बंद होते. तोही ख्रिस्ती, मेथडिस्ट.)

जानेवारी 1948 मध्ये ॲडलेड येथे हजारे यांची खरी परीक्षा झाली. ब्रॅडमन यांच्या 201 धावांसह ऑस्ट्रेलियाने 674 धावांचा डोंगर रचला. भारताच्या पहिल्या डावात हजारे 116. पुन्हा फॉलोऑन. दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी 38 धावांत 7 बळी घेतले आणि भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. त्या पडझडीत हजारे यांनी 145 धावा काढल्या. एकाच कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय. सामना येथेही डावानेच हरला. 1943 ची आठवण आपणांस झाली असेल, मलाही झाली.

वर्षभराने मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध 361 धावा हव्या असताना हजारे यांनी 122 केल्या. भारत 8 बाद 355 वर असताना वेळ संपली. सहा धावा!

यश आले ते फेब्रुवारी 1952 मध्ये, मद्रासला. कर्णधार हजारे, प्रतिस्पर्धी इंग्लंड. विनू मांकड यांनी सामन्यात 12 बळी घेतले, पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके केली, आणि भारताने एक डाव 8 धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळविला. पहिली कसोटी 1932 ची. वीस वर्षे लोक वाट पाहत होते. त्या विजयात हजारे यांच्या बॅटीचा वाटा फारसा नव्हता, आणि याबद्दल त्यांना वाईट वाटले असेल, असे त्यांच्या स्वभावावरून वाटत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स येथे पहिल्या डावात त्यांनी कोवळ्या विजय मांजरेकरांना सोबत घेऊन 222 धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात ट्रूमन आणि बेडसर यांच्यापुढे भारताचे चार गडी एकही धाव न होता बाद झाले. धावफलकावर शून्य, चार बाद. अशा वेळी कर्णधार मैदानावर होता. त्याने 56 धावा केल्या. कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्या फलंदाजीची हानी केली, असे विजय मर्चंट यांचे मत होते. मला ते पटते. हा मनुष्य सोबत्यांना आज्ञा करण्यापेक्षा स्वतः उभा राहण्यात अधिक रमणारा होता.

30 कसोटींत 2192 धावा, सात शतके. प्रथम श्रेणीत साठ शतके. 1960 साली पद्मश्री. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यास त्यांचे निधन झाले. 577 चा विक्रम 2006 साली संगकारा आणि जयवर्धने यांनी कोलंबो येथे मोडला.

आम्ही बंगळुरूच्या शिवाजीनगरात राहणारे. येथून चिन्नास्वामी मैदान फार लांब नाही. विजय हजारे करंडकाचे सामने तेथे झाले आहेत, अंतिम सामनाही झाला आहे. आमच्या गल्लीतील मुलांना करंडकाचे नाव पाठ आहे. हजारे कोण, असे मी एकदा विचारले, तेव्हा एकाने उत्तर दिले की करंडक देणारे कोणी गृहस्थ असावेत. मी तेथेच पायरीवर बसलो आणि त्यांना विवेक हजारे यांच्या 21 धावांपासून सांगावयास सुरुवात केली.