बालगंधर्वांच्या चेहऱ्यावरचा रंग

मैत्रिणींनो, तारीख होती १२ मार्च १९११. मुंबईत ग्रँट रोडच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग लागला होता. लेखक खाडिलकर, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनी करणार नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. नेमकी त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. पण प्रयोग त्यांनी रद्द होऊ दिला नाही. तोंडाला रंग लावला, शालू नेसले आणि उभे राहिले. पोटचं लेकरू गेलेल्या बापाने आरशासमोर बसून भिवया कोरल्या, याची कल्पना केली तरी गलबलून येतं.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा, सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचा. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं, ते नाव जन्मभर राहिलं. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. बायकांनी रंगभूमीवर जायचं नाही असा तो काळ, त्यामुळे शकुंतला काय नि सुभद्रा काय, सगळ्या पुरुषांनीच करायच्या. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग काय विचारता! खरे शालू, खऱ्या जरीची पातळं, थिएटरात अत्तराचा घमघमाट. हिशेबाची सवय अशी नव्हतीच. लाखाच्या वर कर्ज झालं, आणि तेही त्यांनी नाटकं करून फेडलं.

गिरगावातल्या चाळींतून बायका नाटक बघायला जायच्या, त्या पदर कसा घेतलाय, नथ कशी शोभतेय, गजरा कुठे माळलाय हे डोळ्यांत साठवून घरी यायच्या. पुरुषाने नेसलेलं लुगडं बघून बायकांनी नेसायला शिकावं, ही गंमत आपल्याच महाराष्ट्रात घडली बरं का!

पण त्या काळातल्या नाटक मंडळ्यांच्या रंगाच्या पेटीत काय असायचं, ठाऊक आहे? सफेदा, हिंगूळ, पिवडी, काजळ, मुर्दाडशिंग. नावं घरगुती वाटतात, औषधी दुकानातली. पण सफेदा कधी जस्ताचा असायचा, तर कधी शिशाचा. मुर्दाडशिंग हा तर शिशाचाच खडा, उगाळून तोंडाला लावायचा. आणि लालभडक हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. शिसं अंगात साठत जातं, रक्त कमी करतं, नसांना आणि मेंदूला इजा करतं. विलायतेत मारिया गनिंग नावाची एक नावाजलेली सुंदरी होती. शिशाचा सफेदा फासून फासून ती १७६० साली ऐन सत्ताविशीत गेली असं सांगतात.

नटाचं एक बरं असतं. नाटक पहाटे का संपेना, पडदा पडला की खोबरेल तेलाने रंग पुसायचा आणि चेहरा मोकळा करायचा. आपण मात्र रात्री लावून झोपतो, तेही महिनोन्‌महिने.

२०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलेली बातमी आठवते का? अकोल्यातली एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. घरात तिघींनी मिळून एकच गोरेपणाचं क्रीम वापरलं होतं, ब्युटिशियनकडून घेतलेलं. परळच्या केईएम रुग्णालयात शोध लागला. त्या क्रीममध्ये पारा होता! पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस गं? आणि तोवर पारा कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात पोचलेला असतो. मग सकाळी डोळ्यांखाली, पावलांवर सूज, लघवीला फेस. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही, नकळत आला तरी दहा लाख भागांत एक भाग, बस्स. पण ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, तिला कसला नियम लागणार? अशी डबी घरात असेल तर वापर आजच थांबवा. सूज असेल तर डॉक्टरांकडे जाताना ती डबीही बरोबर न्या, लाजू नका. बऱ्याच जणी वेळेत क्रीम बंद केल्यावर सुधारतात.

नारायणरावांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. बोलपट आले, स्त्रिया रंगभूमीवर आल्या, गर्दी ओसरू लागली. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त नारायणराव संत एकनाथ झाले. पुढे गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या, नंतर दोघांनी संसारही मांडला. उतारवयात त्यांच्या पायांतलं बळ गेलं. त्याचा दोष मी रंगाच्या पेटीवर ढकलणार नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. १९६४ साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले.

आणि ती भामिनी? नाटकात ती श्रीमंतीचा सगळा थाट उतरवून गरीब वनमाला होते, आणि धैर्यधर प्रेमात पडतो तो त्या साध्या वनमालेच्या.