सेनापती बापट : मुंबईच्या विजेची खरी किंमत विचारणारा माणूस

कोलाडचं राफ्टिंग तुम्हाला माहीत असेल. रीलवर तरी नक्की पाहिलं असेल. पण भर उन्हाळ्यात, कोकणातल्या बाकीच्या नद्यांचे दगड उघडे पडलेले असताना कुंडलिका नदीला एवढं पाणी येतं कुठून?

उत्तर आहे, वीजनिर्मितीतून. घाटावर पुणे जिल्ह्यात मुळशी धरण आहे. तिथलं पाणी डोंगरातून खाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजकेंद्रात येतं, जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. तेच पाणी कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळतं.

हे धरण होऊ नये म्हणून एक माणूस लढला. लढाई हरला, सात वर्षं तुरुंगात गेला. पण याच लढाईनं त्याला आयुष्यभराचं नाव दिलं, सेनापती. आज मुंबई आणि पुणे, दोन्ही शहरांत त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्या सेनापती बापटांची ही गोष्ट.

इंजिनिअर व्हायला गेले, क्रांतिकारक होऊन आले

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये ब्रिटनला गेले. शिकायचं काय होतं? इंजिनिअरिंग. म्हणजे पुढे धरणाच्या विरोधात उभा राहणारा हा माणूस यंत्रांना घाबरणारा नव्हता.

तिकडे त्यांनी ब्रिटिश राजवटीवर उघड टीका केली आणि शिष्यवृत्ती गेली. मग ते लंडनमधल्या भारतीय क्रांतिकारकांत मिसळले, पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये भारतात परतले. बंगालमधल्या अलीपूर बॉम्ब प्रकरणात त्यांचं नाव आलं, त्यामुळे काही वर्षं त्यांना भूमिगत राहावं लागलं. १९१२ मध्ये ते पकडले गेले.

सुटल्यावर पारनेरला आले आणि हातात झाडू घेतला. गावातले रस्ते झाडणं हा त्यांचा नेम झाला. पुढे पुण्यात पत्रकारिता केली. १९२० पर्यंत ते चाळिशीला आले होते. आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई अजून बाकी होती.

कोळसा महाग, पाऊस फुकट

ती लढाई समजून घ्यायची तर आधी तेव्हाच्या मुंबईचं अर्थकारण बघावं लागेल.

मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालायच्या. वाफेला कोळसा लागतो आणि मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. तो बंगाल-बिहारच्या खाणींतून आणावा लागायचा. खाणीत स्वस्त असलेला कोळसा गिरणीच्या दारात येईपर्यंत वाहतुकीनं महाग व्हायचा. शिवाय धूर वेगळाच.

दुसरीकडे मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर सह्याद्रीचा माथा. पावसाळ्यात इथं पाणी कोसळतं. माथ्यावर धरण बांधून पाणी साठवायचं, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची. एकदा धरण, नळ आणि तारा उभ्या राहिल्या की इंधनाचा खर्च शून्य.

ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली होती. १९०४ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे दोराबजी टाटांच्या काळात १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. गिरण्या एकेक करून विजेवर यायला लागल्या. मागणी वाढली, म्हणून १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचं केंद्र आलं. तिसरा प्रकल्प ठरला तो मुळशीचा. त्यासाठी १९१९ मध्ये वेगळी कंपनी निघाली.

म्हणजे आज आपण कोळशाकडून सौरऊर्जेकडे जायच्या गप्पा मारतोय, तशाच प्रकारचं एक मोठं स्थित्यंतर मुंबईनं शंभर वर्षांपूर्वी केलं होतं. हिशेब अगदी चोख होता. फक्त एका गोष्टीचा भाव कोणी नीट लावला नव्हता. जमिनीचा.

मावळ पेटला

मुळा आणि नीला नद्यांच्या खोऱ्यातली सुमारे ५२ गावं या धरणामुळे बाधित होणार होती. हा मुळशीचा मावळ. भाताची उत्तम जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारे मावळे शेतकरी. मालकाला न विचारताच शेतांत चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना कळलं की काहीतरी मोठं येतंय.

सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक कामासाठी सरकार कोणाचीही जमीन घेऊ शकत होतं. मावळ्यांचा आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांचा प्रश्न इथंच होता. वीज तयार करणार खासगी कंपनी, विकत घेणार गिरणीमालक, नफा भागधारकांचा. मग हे सार्वजनिक काम कसं? आणि असलंच, तर त्यासाठी मावळ्यानंच का उठायचं?

विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरून लोकांना जागं करत होते. बापट त्यांच्यासोबत उतरले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पुरुषांसोबत बायकाही होत्या. काम थांबलं. गांधीजींनीही तेव्हा या लोकांची बाजू घेत टाटांना फेरविचार करायला सांगितलं. धरणाच्या विरोधातलं जगातलं पहिलं संघटित आंदोलन म्हणून आज अभ्यासक मुळशीचा उल्लेख करतात.

आंदोलन फुटलं कुठं?

काम काही महिने थांबलं, पण प्रकल्प रद्द झाला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस काम पुन्हा सुरू झालं आणि मग अटकसत्र. बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले.

या काळात आंदोलनाची एक दुखरी बाजू उघडी पडली. मुळशीतली बरीच जमीन कागदोपत्री पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. कर्जापायी ती मावळ्यांच्या हातातून गेली होती. मावळे तीच जमीन कुळ म्हणून कसत होते. कंपनीनं आणि सरकारनं मोबदल्याची बोलणी सुरू केली, तेव्हा ती मालकांशी. जमीनदाराचा प्रश्न चांगल्या भावानं सुटणारा होता. कुळाचा सुटणारा नव्हता, कारण कागदावर त्याचं काहीच नव्हतं.

मोबदला वाढला तसे मालक बाजूला झाले. लढाई उरली ती ज्यांना मोबदल्यात फारसं काही मिळणार नव्हतं त्यांची. बापट त्यांच्यासोबत थांबले.

१९२४ पर्यंत सत्याग्रह जवळपास विझला होता. तेव्हा बापटांनी मोजक्या साथीदारांसह शेवटचा घाव घातला. रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, तीही शस्त्र हातात घेऊन. गांधीजींच्या अहिंसेत हे बसणारं नव्हतं आणि बापटांना ते माहीत होतं. सत्याग्रहाची त्यांची स्वतःची कल्पना होती, शुद्ध सत्याग्रह. प्रसंगी शस्त्र उचलणंही त्यांना त्यात निषिद्ध वाटत नव्हतं. यावर तेव्हाही वाद झाला, आजही होऊ शकतो. पण ते पळून गेले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात.

ते आत असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं.

हरल्यानंतरचा सेनापती

१९३१ मध्ये बापट सुटले. मग राजद्रोही भाषणासाठी पुन्हा आत गेले ते १९३७ पर्यंत. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं काम केलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. स्वातंत्र्यानंतरही गोवा मुक्तीचा लढा आणि संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन, दोन्हींत हा म्हातारा पुढे होता. २८ नोव्हेंबर १९६७ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मुंबईतल्या तुळशी पाइप रोडला पुढे त्यांचं नाव मिळालं. हा सेनापती बापट मार्ग जातो कुठून? लोअर परळहून, म्हणजे थेट गिरणगावातून. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मावळातली गावं उठली, त्यांच्याच दारातून.

मग धरण चुकीचं होतं का?

इतकं सरळ उत्तर नाही. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही केंद्रं आजही चालतात. त्यांची क्षमता मिळून ४४७ मेगावॅट आहे. मागणी वाढताच काही मिनिटांत सुरू होणारी ही वीज मुंबईला आजही उपयोगी पडते. भिऱ्यातून सुटणाऱ्या पाण्यावर रोह्याचे कारखाने चालतात, उन्हाळी भात पिकतं, कोलाडचं राफ्टिंग होतं. हे फायदे खरे आहेत. पण ते मिळाले घाटाखाली आणि मुंबईत. गावं गेली ती घाटावर.

हा विषय आज परत काढायचं कारणही आहे. सौरऊर्जा दिवसा स्वस्त मिळते, पण सूर्य मावळला की संपते. म्हणून दिवसाच्या विजेनं पाणी डोंगरावर चढवायचं आणि रात्री ते खाली सोडून वीज बनवायची, असे उदंचन प्रकल्प सह्याद्रीत येत आहेत. टाटा पॉवरनं २०२३ मध्ये राज्य सरकारशी अशा दोन प्रकल्पांचा करार केला. पुणे जिल्ह्यात शिरवता इथं १,८०० मेगावॅट आणि रायगडमध्ये भिवपुरी इथं १,००० मेगावॅट. इतर कंपन्याही रांगेत आहेत.

हे प्रकल्प लागणारच आहेत, कोळसा कमी करायचा तर दुसरे पर्याय फार नाहीत. पण घाटात नवा प्रकल्प जाहीर होईल तेव्हा मेगावॅट आणि कोटींच्या आकड्यांसोबत आणखी दोन गोष्टी शोधा. जमीन कोणाची जाणार आहे? आणि ती कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आहे का? मुळशीत मोबदला कोणाला मिळाला आणि कोण रिकाम्या हातानं उठलं, ते याच दुसऱ्या प्रश्नावर ठरलं होतं.