गाएतानो शिरेआ
गाएतानो शिरेआ (२५ मे १९५३ – ३ सप्टेंबर १९८९) हे इटलीचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक होते. त्यांचा जन्म मिलानजवळील चेर्नुस्को सुल नाविल्यो येथे झाला. १९७२ ते १९७४ या काळात आतालांता संघाकडून खेळल्यानंतर ते तुरिनच्या युव्हेंटस संघात दाखल झाले व १९८८ पर्यंत तेथेच राहिले.

बचावफळीच्या मागे राहून चेंडू अडवणाऱ्या व तेथूनच चढाईस प्रारंभ करणाऱ्या ‘लिबेरो’ या स्थानावर ते खेळत. बचावपटू असूनही संपूर्ण कारकिर्दीत त्यांना एकदाही मैदानाबाहेर काढण्यात आले नाही. युव्हेंटसकडून त्यांनी सात वेळा साखळी विजेतेपद मिळवले. इटलीसाठी ७८ सामने खेळलेले शिरेआ १९८२ च्या विश्वविजेत्या संघात होते. १९८५ मध्ये ब्रसेल्स येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी प्रेक्षागारातील दुर्घटनेत ३९ जण मरण पावले. तेव्हा कर्णधार या नात्याने त्यांनी ध्वनिक्षेपकावरून शांततेचे आवाहन केले.

निवृत्तीनंतर ते माजी सहखेळाडू दिनो झोफ यांचे सहायक प्रशिक्षक झाले. आगामी प्रतिस्पर्धी गूर्निक झाब्झे संघाचा खेळ पाहून परतताना पोलंडमधील बाब्स्क येथे मोटार अपघातात वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. युव्हेंटसच्या स्टेडियमचा दक्षिणेकडील प्रेक्षकविभाग त्यांच्या नावाने ओळखला जातो.