लुई ब्रेल : स्वतःच्या हाताने लिहिण्याचा हक्क

फळीवर मीठ आणि पिठीसाखरेचे दोन सारखे डबे शेजारी असतात. हिंग, वेलदोडा, मेथी वासावरून कळतात. या दोघांना वासच नाही. दृष्टिहीन गृहिणी डब्यावर बोट फिरवते आणि नेमका हवा तोच उचलते, कारण त्यावरील चिकटपट्टीवर तिनेच ब्रेल लिपीत नाव उमटवलेले असते. तिनेच, हे महत्त्वाचे. लुई ब्रेलचे सारे आयुष्य तेवढ्यासाठी खर्ची पडले.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कूव्रे या गावी ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांचे चामडी साज व खोगिरे बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत खेळत असताना चामड्याला भोके पाडण्याची आरी निसटून डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे हरपली.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. संस्थापक व्हॅलेंटिन आयुई यांच्या पद्धतीची, उठावदार रोमन अक्षरांची पुस्तके तिथे होती. ती जाडजूड, अवजड आणि वाचायला संथ. पण खरी अडचण वेगळीच होती : ती अक्षरे विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नसत. डोळसांनी छापावे आणि अंधांनी चाचपावे, असा तो एकतर्फी कारभार होता.

१८२१ मध्ये लष्करातील अधिकारी शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्या एका घरात बारा ठिपके असत. ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत, शिवाय त्यात शुद्धलेखनाला स्थान नव्हते. लुईने बाराचे सहा केले. १८२४ मध्ये आराखडा तयार झाला, तेव्हा त्याचे वय १५ होते. १८२९ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे १८३९ मध्ये त्याने ठिपक्यांतूनच रोमन अक्षरे रेखाटण्याची युक्ती प्रसिद्ध केली, जेणेकरून अंध मुलाचे पत्र घरच्या डोळस माणसांनाही वाचता यावे.

तो त्याच शाळेत शिक्षक झाला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. क्षयाने मात्र त्याला गाठले होते. शाळेच्या नव्या संचालकांनी तर काही काळ त्याच्या लिपीवर बंदीच घातली. विद्यार्थी मात्र ती चोरून वापरत राहिले. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी लुई गेला. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये!

भारतात प्रांतोप्रांती वेगवेगळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. तिच्यात मात्रा व्यंजनानंतर स्वतंत्र घरात येते. त्यामुळे मीठ लिहायला तीन घरे लागतात, साखर लिहायला चार. छिद्रांच्या पाटीत चिकटपट्टी अडकवायची आणि उजवीकडून डावीकडे ठिपके टोचत जायचे. पट्टी उलटली की ते डावीकडून वाचता येतात. नाव डब्याच्या अंगावर लावावे, झाकणावर नको. झाकणे अदलाबदल होतात. ठिपके टोचायचे ते लाकडी मुठीचे टोकदार साधन पाहिले, की लुईच्या वडिलांची आरी आठवल्याशिवाय राहत नाही.