देशोदेशींचे कायदे आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आम्ही सारे भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु हे शिल्प घडण्यापूर्वी त्यांनी देशोदेशींच्या कायद्यांचा अभ्यास कोणत्या हेतूने केला, याची चर्चा आपल्या घरांत क्वचितच होते. या स्मरणिकेच्या वाचकांसमोर आम्हांला त्यांच्या चरित्राची तीच बाजू मांडावयाची आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रातील डी.एस्सी. मिळविली आणि ग्रेज इन या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले. अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांची राज्यव्यवस्था त्यांनी जवळून पाहिली.

या विद्वत्तेचा पहिला मोठा उपयोग त्यांनी आपल्या माणसांसाठी केला. १९३० मध्ये लंडन येथे पहिली गोलमेज परिषद भरली. तेथे रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना सादर केली. समान नागरिकत्वासाठी त्यांनी अमेरिकन संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीचा आणि १९२० च्या आयर्लंडविषयक कायद्याचा आधार दिला. समान हक्कांच्या उपभोगासाठी, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकरिता अमेरिकेत १८६६ व १८७५ मध्ये झालेले कायदे पुढे ठेवले. गावाने वाळीत टाकणे, मजुरी बंद करणे, दुकानातून जिन्नस न देणे हे आपल्यावरचे नेहमीचे शस्त्र होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ब्रह्मदेशाचा १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढला आणि त्यातील तरतुदी थोड्याफार शब्दबदलाने आपल्या योजनेत घेतल्या. दुखणे गावकुसाबाहेरचे, औषध मात्र जगभर धुंडाळलेले!

१९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य व न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक झाले. ज्या मुलाला शाळेत वेगळे बसविले गेले, तोच आता त्या नामांकित संस्थेच्या प्रमुखपदी बसला. इंग्लंडच्या राज्यघटनेवरील त्यांची व्याख्याने पुढे त्यांच्या लेखनसंग्रहात प्रसिद्ध झाली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभागृहापुढे मांडताना त्यांनी अमेरिकन संघराज्याशी त्याची सविस्तर तुलना केली. तेथे दुहेरी नागरिकत्व, येथे एकच. तेथे न्यायव्यवस्था दुहेरी, येथे एकसंध. परक्याचे जसेच्या तसे उचलणे हा त्यांचा मार्ग नव्हता.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खाणावळी, वाहने, नाट्यगृहे सर्वांना खुली करणारा अमेरिकेचा १८७५ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्द ठरविला. चौदावी दुरुस्ती शासनाला बांधते, खासगी व्यक्तीला नव्हे, असा तो निवाडा होता. आपल्या संविधानात ही पळवाट उरली नाही. अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव सर्वांना खुले केले; अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, मग ती पाळणारा शासन असो वा शेजारी.

१९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या वर्षी, मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. कायद्याचे शिक्षण आपल्या मुलांपर्यंत पोहोचविण्याची सोय त्यांनी करून ठेवली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात मात्र २०१६ मध्ये झाला. १९३० च्या मागणीनंतर तब्बल ८६ वर्षांनी.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतून आलेली आपली मुले डॉक्टर, अभियंता होऊ इच्छितात, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु कायदा पुस्तकात असूनही गावात पोहोचत नाही, तेव्हा तो वाचणारा, समजावणारा आणि न्यायालयात उभा राहणारा माणस लागतो. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी निदान काही मुलांना त्या वाटेवर पाठवावे. बाबासाहेबांची जयंती आपण उत्साहाने साजरी करतो. त्यांची अभ्यासाची खुर्ची रिकामी राहू नये, एवढीच आमची विनंती आहे.