अहिल्याबाई आणि सोमनाथ

इ. स. १७५४ मध्ये भरतपूरजवळील कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांच्या फौजांनी वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई यांचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला होता. परंतु वृद्ध सासरे मल्हारराव यांच्या आर्जवापुढे त्यांना तो सोडावा लागला.

अहिल्याबाईंचा जन्म आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी १७२५ मध्ये, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. मल्हाररावांनी या सुनेला लिहिण्यावाचण्याबरोबर राज्यकारभारही शिकविला. ते स्वतः मोहिमेवर असत, तेव्हा वसूल, धान्य, इतकेच नव्हे तर तोफा आणि दारूगोळा यांची तजवीजही अहिल्याबाईच पाहत. ज्या तोफेने त्यांचे कुंकू पुसले, त्याच तोफांची व्यवस्था त्यांना पाहावी लागली! युद्ध म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेरावही गेला. राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला. नर्मदेच्या काठी महेश्वर येथे राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे तो वाहिला. सैन्य तुकोजीराव होळकर सांभाळीत. न्याय, वसूल आणि प्रजेची गाऱ्हाणी अहिल्याबाई स्वतः पाहत.

त्या काळी देशात ठिकठिकाणी प्राचीन वास्तू भग्नावस्थेत पडल्या होत्या. सौराष्ट्रात समुद्रतीरी असलेल्या सोमनाथाची कथा तर फारच करुण. १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने ते मंदिर लुटले आणि उद्ध्वस्त केले. गुजरातचा राजा कुमारपाल याने बाराव्या शतकात तेथे भव्य मंदिर उभारविले. १२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने त्याचाही विध्वंस केला. पुन्हा बांधावे, पुन्हा पडावे, असे किती वेळा झाले! कोरीव शिळा इतस्ततः विखुरल्या आणि खाऱ्या वाऱ्याने झिजू लागल्या.

लुटीला सोकावलेले सैन्य आपला देव आणि परका देव असा भेद नेहमीच करते असे नाही. १७९१ मध्ये, अहिल्याबाईंच्या हयातीतच, मराठ्यांच्या सैन्याबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपू सुलतानाने साहाय्य पाठविले.

सोमनाथ होळकरांच्या राज्यात नव्हते; काशीही नव्हती. तरीही अहिल्याबाईंनी दोन्हीकडे लक्ष घातले. राज्याच्या खजिन्याला हात न लावता आपल्या खासगीच्या उत्पन्नातून त्यांनी हा खर्च केला. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर औरंगजेबाच्या आज्ञेने १६६९ मध्ये पाडण्यात आले होते. त्या जागेशेजारी १७८० मध्ये त्यांनी नवे मंदिर उभे केले. सोमनाथ येथे १७८३ मध्ये, जुन्या भग्न वास्तूपासून थोड्या अंतरावर, त्यांनी दुसरे मंदिर बांधविले. आक्रमणांचा अनुभव ध्यानी घेऊन असेल, त्यातील मुख्य शिवलिंग भूमीखालच्या गाभाऱ्यात स्थापिले आहे. वरून पाहणाऱ्यास ते दिसत नाही. याशिवाय वेरूळ, गया अशा कितीतरी ठिकाणी मंदिरे, घाट आणि कुंडे त्यांच्या दानाने नांदती झाली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंनी महेश्वर येथे देह ठेवला.

पुढे १९५० मध्ये, सोमनाथाच्या मूळ जागी नवे मंदिर बांधण्यापूर्वी, पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. तेव्हा निरनिराळ्या काळांतील मंदिरांचे पाये एकावर एक असे आढळले. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना झाली. त्या उंच शिखरापासून थोड्या अंतरावर अहिल्याबाईंचे लहानसे मंदिर आजही उभे आहे. यात्रेकरू पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात दर्शनासाठी जातात.